चाल घेतली, जब्या टाकला

साधा सवाल आहे. फँड्री म्हणजे काय?

तुमच्यातले निम्मे म्हणतील, गाणं. ते विंचवाचं. उरलेले म्हणतील, नागराज मंजुळेचा पिक्चर. फँड्री म्हणजे डुक्कर, असं सांगणारा शंभरात एखादा निघेल. कैकाडी भाषेतला शब्द आहे हा. पालात, चुलीपाशी बोलायचा शब्द. या महाराष्ट्राने कैकाड्यांकडून टोपल्या घेतल्या, कणग्या घेतल्या, त्यात धान्य भरून ठेवलं. त्यांची भाषा मात्र कधी कानावर घेतली नाही. हा एक शब्द घेतला. आणि घेतल्या घेतल्या त्यातला अर्थ उपसून उकिरड्यावर टाकला, रिकाम्या शब्दात चाल भरली.

हे आपोआप झालेलं नाही. या देशात काही आपोआप होत नसतं. म्हणून मी या गाण्याचा पंचनामा करायला बसलोय.

मी सोनपेठचा. जिल्हा परभणी. तुम्ही मुंबईत, पुण्यात, नागपुरात बसून मासिकं वाचता, पिक्चरवर चर्चा झोडता, ‘सौंदर्यशास्त्र’ वगैरे बोलता. बोला. पण गाणं काय काम करतं ते चर्चासत्रात कळत नाही. ते वरातीत कळतं. आणि वराती आमच्याकडे रस्त्यावर निघतात.

आधी कागद नीट लावून घेऊ.

फँड्री लागला १४ फेब्रुवारी २०१४ ला. प्रेमाच्या दिवसाचा मुहूर्त धरून. गाणं त्याआधीच सुटलं होतं. त्याचं नावच ‘थीम साँग’. अजय-अतुल यांनी बांधलं, अजय गोगावले यांनी जीव ओतून गायलं. आणि आता ऐका, पिक्चरमध्ये ते गाणं नाही! जाहिरातीसाठी केलेलं गाणं ते. पिक्चरला पार्श्वसंगीत आहे अलोकनंदा दासगुप्ता यांचं, त्याचा बाज निराळा. म्हणजे ज्याला उभा महाराष्ट्र ‘फँड्रीचं गाणं’ म्हणतो, ते फँड्रीत कंदील घेऊन शोधलं तरी सापडत नाही. जब्यासारखंच. गावाच्या नावाने ओळखायचं, पण गावात घर नाही.

मग पिक्चरमध्ये आहे काय? जांबुवंत कचरू माने, म्हणजे जब्या. कैकाड्याचं पोरगं. शाळेत जातं, शालूवर जीव लावतं आणि तिच्याशी मनातली एक गोष्ट बोलू शकत नाही. काळ्या चिमणीची राख टाकली की पोरगी वश होते असं ऐकून रानोमाळ चिमणीमागे फिरतं. जत्रेत त्याला नाचायचंय, हलगी वाजवायचीय. त्याच्या डोक्यावर बत्ती चढते. नाचणाऱ्यांनी नाचायचं, जब्याने उजेड धरायचा. पालखीत डुक्कर शिरतं, आणि कचऱ्याला हुकूम सुटतो, डुकरं धर. बाप, आई, बहिणी, जब्या, सगळं घर डुकरामागे. गाव बघायला बसतं, शालूसुद्धा त्या बघ्यांत.

आणि तेव्हा शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. डुक्कर हातातोंडाशी आलंय, आणि मान्यांचं घर जागच्या जागी ताठ उभं. डुक्कर नाही थांबत. त्याला नागरिकशास्त्र नसतं. थांबतो जब्या. ज्या राष्ट्राने त्याला डुकरामागे धाडलं, त्याच्याच गाण्यासाठी थांबतो. पुढे तेच डुक्कर बांबूला बांधून शाळेच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या चित्रापुढून वाहून नेतात.

माझं म्हणणं असं, की फँड्रीची खरी थीम ट्यून ती आहे. जब्याला जागेवर खिळवणारी आणि डुकराला मोकळं सोडणारी. तिच्यावर कोणाला नाचता आलं नाही. म्हणून दुसरी घेतली.

आता सोनपेठ.

२०१४ ला हे गाणं आमच्याकडे आलं ते मेमरी कार्डातून. मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपये टाकले की पोरगा कार्ड भरून द्यायचा. त्या कार्डात आधी गाणं आलं. पिक्चर कोणी पाहिला, कोणी नाही. गाणं मात्र रिक्षात, जीपड्यात, ट्रॅक्टरवर, मोंढ्यात, न्हाव्याच्या दुकानात. बँडवाल्यांनी बसवलं, ऑर्केस्ट्रावाल्यांनी बसवलं, गणपतीत वाजलं, उरुसात वाजलं. ज्याला सूर लागत नाही तोही गुणगुणायला लागला. चाल तशी आहेच. हलगीचा ठेका अंगात शिरतो, खांदे आपोआप हलतात. ही गाण्याची तारीफ आहे, निंदा नाही. माझं भांडण गाण्याशी नाही.

भांडण कोणाशी आहे ते ऐका. एका बड्या घरची वरात. पुढे डीजेचा टेम्पो, मधे नवरदेवाचे दोस्त, कडेने लायटिंगची झुंबरं डोक्यावर धरून चालणारी पोरं. रोजावर आणलेली. त्यातलं एक पोरगं कैकाड्याचं, चौदा-पंधराचं. नवरदेवाच्या एका दोस्ताने बोट वर केलं, ओरडला, “फँड्रीचं लाव रे!” लागलं. रस्ता उसळला. त्या पोराला गाणं सगळं पाठ होतं. ओठ हलत होते, टाच जमिनीवर ठेका धरत होती, आणि त्या ठेक्याने डोक्यावरचं झुंबर जरासं हललं. तोच दोस्त वळला आणि म्हणाला, “ए फँड्री, लाइट सरळ धर की!”

दोन वाक्यं. एकच तोंड. मधे तीन मिनिटंसुद्धा गेली नाहीत. पहिल्या वाक्यात फँड्री म्हणजे प्रेम, दुसऱ्यात शिवी. आणि त्या माणसाला यात काही विसंगत वाटलं नाही. का वाटावं? गाणं त्याने विकत घेतलंय, पोरगंही रोजावर घेतलंय. दोन्ही त्याच्याच वरातीसाठी.

ह्या माणसाला तुम्ही ‘पिक्चर पाहा, तुझं मन बदलेल’ असं सांगणार आहात? अरे, पाहिलाय त्याने. पिक्चरच्या शेवटी जब्या जो दगड भिरकावतो तो थेट पडद्यातून बघणाऱ्याच्या कपाळावर येतो. महाराष्ट्रभर टाळ्या पडल्या. राष्ट्रीय पुरस्कार मिळाले: पहिल्या चित्रपटासाठी नागराजला, बालकलाकार म्हणून सोमनाथ अवघडेला. सगळ्यांनी लिहिलं, दगड आम्हाला लागला. लागला तर खोक कुठाय? दवाखान्यात गेल्याची चिठ्ठी दाखवा! तो दगड लागू नये म्हणूनच तर विंचू जवळ केला. विंचू चावला की गोड कळ येते म्हणे. दगडाने डोकं फुटतं.

आता तारखा मांडतो. १४ फेब्रुवारी २०१४ ला पिक्चर लागला. २८ एप्रिल २०१४ ला खर्डा घडलं. मधे ७३ दिवस. तालुका जामखेड, जिल्हा तेव्हाचा अहमदनगर. १७ वर्षांचं दलित पोरगं. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो म्हणून शाळेतून मारत नेलं, मारून झाडाला लटकवलं. त्या उन्हाळ्यात, त्या लग्नसराईत, हेच गाणं गल्लीगल्लीत वाजत होतं. गावोगावची तरणी पोरं, त्यात वरच्या जातींची सगळ्यात पुढे, जब्याच्या जीव लावण्यावर नाचत होती. आणि एका खऱ्या जब्याच्या नरड्याला फास लागला होता. नोव्हेंबर २०१७ ला खटल्यातले सगळे आरोपी सुटले. साक्षीदार फिरले. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने त्या पोराला कोणीच मारलं नाही.

आणखी एक तारीख. मे २०१५. शिर्डी. एका दलित तरुणाच्या मोबाइलवर बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली, म्हणून त्याला उचलून नेऊन ठार मारलं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवा आणि मग मला सांगा ‘संगीताला जात नसते’. आपल्या बापाचं गाणं आपल्या खिशात वाजलं तर खून. आपल्या दुखण्याचं गाणं त्यांच्या वरातीत वाजलं तर करमणूक. गाण्याला जात नसेलही, कानाला आहे. कान ठरवतो कुठलं गाणं नाचायचं आणि कुठल्या गाण्यावर माणूस मारायचा.

‘सैराट’ चंही तेच झालं. खर्ड्याला दोन वर्षं होऊन एक दिवस झाला, २९ एप्रिल २०१६, तेव्हा सैराट लागला. शेवटी आर्ची-परशाचे मुडदे, रक्तात पाय भरलेलं लेकरू, आणि आवाज पूर्ण बंद. नागराजने तिथे मुद्दाम काही वाजवलं नाही. त्याला ठाऊक असणार, वाजवलं तर हे नाचतील! लोकांनी काय केलं? ती शांतता थिएटरात सोडली आणि ‘झिंगाट’ घरी नेलं. २०१८ ला हिंदीवाल्यांनी ‘धडक’ काढला. चाल तीच नेली, पोरं उदयपूरला नेली, आणि जात वाटेत कुठेतरी गळून पडली. ट्रकमधून सामान नेताना नकोसं गाठोडं रस्त्यात टाकून देतात तशी. कोणी म्हणालं नाही, अहो, ज्याच्यासाठी दोघं मेली ते कुठाय? चाल होती ना. भागलं.

हा धंदा जुना आहे. तमाशाचे फड कोणाचे? महारांचे, मांगांचे, कोल्हाट्यांचे. १९५९ ला ‘सांगत्ये ऐका’ आला, पुण्यात विजयानंदला सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. त्यातली लावणी सोवळ्यातल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली. १९७२ ला ‘पिंजरा’ आला, त्याच्याही लावण्या घरोघर पोचल्या. पण बोर्डावर नाचणारी बाई कोणाच्या ओसरीपर्यंत तरी पोचली का? पुस्तकांचंही तसंच. लक्ष्मण माने कैकाडी. त्यांचं ‘उपरा’ १९८० ला आलं, १९८१ ला साहित्य अकादमी मिळाली. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. ते पुसून ३३ वर्षांनी ते फँड्री बघायला गेले, आणि मान्यांचंच घर पडद्यावर डुकरामागे पळताना बघून त्यांना पुन्हा नव्याने धक्का बसला! दर पिढीला धक्का बसतो. धक्क्याने कोणी जागचं हलत नाही.

आता हरकती घेऊ. कोणी म्हणेल, ‘गाणं नसतं तर पिक्चर बघायला काळं कुत्रं आलं नसतं.’ कबूल. गाण्याने हमाली केली, माणसं ओढून दारापर्यंत आणली. पण बरीच माणसं दारातूनच माघारी फिरली, हमालाला खांद्यावर घेऊन. दुसरा म्हणेल, ‘लोक नाचतात, आनंद घेतात, तुमच्या पोटात का दुखतं?’ माझ्या पोटात नाचण्याने दुखत नाही. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या लग्नात हलगी बडवत आली. आगटीवर शेकून, ताणून, बोटं सोलेपर्यंत. आमच्या बापजाद्यांनी बाबासाहेबांचं ऐकून ती फेकून दिली, कारण ती हलगी नव्हती, पट्टा होता गळ्यातला. आता हलगी स्टुडिओत गेली, तिला मान आला. चांगलं झालं. पण वाजवणाऱ्याला आला का मान? तेवढंच विचारतोय. एवढ्याने तुमचा आनंद विटत असेल तर तो मुळात नासकाच होता.

इथवर शत्रूचं झालं. आता घरातलं बोलू. राग येईल, येऊ द्या.

१४ एप्रिलला आपल्या मिरवणुकीतही हे गाणं वाजतं. आपली पोरं बेभान नाचतात. मी विचारतो, या मिरवणुकीत कैकाडी किती? वडार किती? पारधी किती? जब्या आपला म्हणायचा, नागराज आपला म्हणायचा, भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र दिसलं की शिट्ट्या मारायच्या, आणि वस्तीतल्या जब्याला ‘ते कैकाडी’ म्हणायचं? मग त्या वरातीतल्या दोस्तात आणि आपल्यात फरक फक्त झेंड्याच्या रंगाचा!

कायदा काय म्हणतो ते तरी ठाऊक आहे का? पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळात, कैकाडी अनुसूचित जातीत. अलीकडे, आमच्या परभणीत, तोच कैकाडी अनुसूचित जातीत नाही. इथे तो विमुक्त जाती. राज्याच्या यादीत १४ विमुक्त जाती, त्यात कैकाडी, त्यात वडार. म्हणजे १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा विदर्भातल्या जब्याला लागू, सोनपेठच्या जब्याला नाही. त्याला सोनपेठात कोणी भर रस्त्यात ‘फँड्री’ म्हणालं, डोकं फोडलं, तर साधी मारामारी. नदी ओलांडली की माणूस अस्पृश्य होतो, पुन्हा नदी ओलांडली की नुसता गरीब. शिवी मात्र दोन्ही काठांवर तीच. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे कैकाडीही त्या यादीत डांबले गेले. १९५२ ला तो कायदा गेला. ‘विमुक्त’ हे नाव मिळालं. कशातून मुक्त? ठाण्याच्या वहीतून नाव गेलं, ठाणेदाराच्या डोक्यातून गेलं नाही.

आणि हे विसरू नका, डिसेंबर २०२४ ला परभणीत काय झालं. १० तारखेला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. लोक उठले, पोलिसांनी वस्त्यांत घुसून धरपकड केली. १५ तारखेला न्यायालयीन कोठडीतला एक तरुण मेला. कायदा शिकत होता. वडार समाजातला होता. त्याचं नाव परभणीत लेकरालाही सांगावं लागत नाही. विमुक्तांतला पोरगा संविधानासाठी मरून जातो आणि आपण अजून हिशेब करत बसलोय की विमुक्त आपले की कोण? त्याने जात विचारून मरण पत्करलं नाही. आपण जात विचारून गाणं वाटून घेतो.

मग करायचं काय? गाण्यावर बंदी घालायची? छट्. बंदी घालणारे आपण नाही. आपली रीत वेगळी आहे आणि ती आपल्याच घरात आहे. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांची परंपरा आठवा. आपल्या गायन पार्ट्यांनी काय केलं? गाजलेल्या पिक्चरची चाल उचलली आणि त्यात भीम बसवला. लोक हसले, चोरी म्हणाले. ती चोरी नव्हती, वसुली होती. आमचा ठेका तुम्ही नेला, आम्ही तुमची चाल नेली, आणि तिच्यात जे तुम्हाला ऐकायचं नाही तेच घातलं. चाल दारात जाऊन पोचेपर्यंत घरवाल्याला कळायचं नाही की आत कोण शिरलंय. ही अक्कल आपल्या आज्यांना होती. आपण डीजेचं बटण दाबण्यापुरते उरलो.

तर दोस्तांनो, पहिलं काम असं. ही चाल घ्या. सगळ्यांना पाठ आहे, शिकवावी लागत नाही. हिच्यात जब्याचं खरं दुखणं बसवा: खर्डा बसवा, कोठडी बसवा, पैनगंगेचे दोन काठ बसवा. नाचणाऱ्याचा पाय तिसऱ्या कडव्याला अडखळला पाहिजे. दुसरं काम. शब्द तुम्ही लिहू नका. कैकाडी पोरापोरींना लिहू द्या, त्यांच्या भाषेत. आपण माइक धरायचा आणि गप्प बसायचं. आपल्याला गप्प बसायची सवय नाही, ती लावून घ्यायची. तिसरं. पुढच्या १४ एप्रिलला ज्या गाडीवर हे गाणं वाजेल, त्या गाडीवर भटक्या-विमुक्तांची माणसं उभी पाहिजेत. लाइट धरायला नाही. वर, पुतळ्याच्या शेजारी. आणि त्यांच्या सवलतीचा, ॲट्रॉसिटीच्या संरक्षणाचा प्रश्न ‘त्यांचा’ म्हणून नव्हे, आपला म्हणून तहसीलवर न्यायचा. चौथं. वरातीत, कट्ट्यावर, कॉलेजात कोणी कोणाला ‘फँड्री’ म्हणून हाक मारली, की तिथल्या तिथे गाणं बंद पाडायचं. वायर काढायची. विचारायचं, कोणाला म्हणालास? मग बोलणं पुढे जाईल तिकडे जाईल.

सोनपेठात आम्ही सुरुवात केलीय. मोठं काही नाही. चार पोरं कैकाडी वस्तीतली, तीन आमच्यातली, एक हलगी. ओळी अजून जुळत नाहीत, भांडणं फार होतात. एक पोरगी म्हणाली, गाण्यात शालूलाही विचारलं पाहिजे, ती का हसली ते. त्यावर दोन रात्री वाद झाला आणि अजून मिटला नाही. मिटेपर्यंत गाणं पुरं होणार नाही. पण पुरं झालं की तुमच्या शहरात घेऊन येऊ. चाल ओळखीची असेल. नाचायला उठाल तेव्हा शब्दांकडे लक्ष ठेवा.

जय भीम.